तेवीस

दिवसाला तेवीस गुण, त्याहून जास्त नाही.
यादी मावसबहिणीने धाडली, ठाण्याहून.
तिच्यात ओट आहेत, ब्रोकोली आहे,
तिसऱ्यांचं सुकं नाही.
मग मीच बसवले दर: तिसऱ्या तीन, घावन दोन,
सोलकढी एक,
नारळ घरचा म्हणून अर्धा माफ.

सोसायटीच्या डिझेलच्या वहीत, मागच्या पानावर, माझं खातं.
अख्ख्या बंदराची उधारी मी पैशापर्यंत जुळवते,
माझीच रात्री नऊला चुकते.
डब्याशी उभ्या उभ्या खाल्लेलं जत्रेतलं खाजं
कुठल्या रकान्यात मांडू?

घरात काटा नाही.
दर बुधवारी बर्फाच्या कारखान्यात
इनास मला मासळीच्या ओल्या काट्यावर चढवतो,
चपला काढायला लावतो,
आणि समुद्राकडे बघत आकडा सांगतो, हळू,
लिलावात दुसऱ्याला ऐकू जाऊ नये असा.

आज आठशे ग्रॅम कमी.
"चार बांगडे उतरले गो," म्हणाला,
आणि तेवढेच पिशवीत घातले.

तिखलं केलं.
वहीत लिहिलं: बांगडा एक, गुण चार.
दुसरा
उद्याच्या तारखेत.