राखीव शब्द

कुताइसीत, रिओनीकडच्या खिडकीशी बसून
एतेर दुपारपासून पत्ते साफ करतेय.
राचाच्या डोंगरातले दोनशे अकरा मधपाळ,
प्रत्येकाचं एक पान, आणि पानाच्या पत्त्यात
प्रश्नचिन्ह, बरोबरचं चिन्ह, एक आकडा,
कैद्याच्या छातीवर असतो तसा.

आता आकडा जाईल, नाव येईल.
तिरपी रेघ, की लगेच माणूस.
मोकळ्या जागी आडवी रेघ घालायची,
बाकी कचरा गाळायचा. सोपं.

जॉर्जियन अक्षरं तशीच ठेवून पाहिली,
तर चिकटवलेल्या पत्त्यात टक्क्यांची रांग:
टक्का ई-एक टक्का आठ-तीन टक्का,
मधाला मुंग्या लागाव्यात तशी.
म्हणून रोमन.
आणि रोमनमध्ये किपियानींचा तो पहिला क,
घशाच्या तळाशी बूच उडाल्यासारखा फुटणारा,
तो परक्या कुठल्याच लिपीत मावत नाही.
तिनं क्यू लिहिला, खोडला, के लिहिला.
वार्लाम किपियानीला फोन लावला.

"कसाही लिही, पोरी. माश्या वाचत नाहीत.
पण शेवटी हा दोन कसला?"

"तुमच्या नावाचे आणखी एक आहेत, काका.
तुमच्याच गावचे. आधी नोंदलेले.
चार वर्षांत आत आले नाहीत.
नियमानं ते नाव मोकळं करता येतं."

फोनमध्ये कुत्रं भुंकलं, थांबलं.

"तो माझा चुलतभाऊ.
एका अक्रोडाच्या झाडापायी
बारा वर्षं बोललो नाही आम्ही.
मग तो गेला, झाड अजून आहे.
त्याच्या बरण्यांवर तो पत्ता छापलाय, ठाऊक आहे?
माझ्याच फडताळात एक आहे, तळाला थोडा मध.
कुणी तो पत्ता उघडला
आणि माझं थोबाड दिसलं, तर
तो वरून शिव्या घालेल.
दोन राहू दे. सहा महिन्यांनी मोठाच होता तो."

एतेरनं जुन्या आकड्यांवर पाट्या लावल्या:
इथून पुढं, त्या दारी.
मग ती फाइल उघडली, जिच्यातली नावं
कुणालाच मिळत नाहीत:
ॲडमिन, लॉगिन, मदत, शोध.
शेवटच्या ओळीखाली, के घालून,
वार्लाम-किपियानी.

क बरोबर नव्हता.
तिनं जतन केलं, आणि ओठ न हलवता
घशातल्या घशात एकदा बरोबर म्हटला.