आठव्या खुणेपाशी

चर्चच्या फाटकातून सुरुवात, तिथेच शेवट.
साडेचार मैल. चिखलाचे बूट घालावेत.
कुत्र्याला दोरी असावी.
एवढं आयव्हरने लिहिलं एकोणीस वर्षांपूर्वी,
पॅरिशच्या खर्चाने, हिरव्या घडीच्या कागदावर,
आणि आता नवी आवृत्ती काढायची म्हणून
मेरिल निघाली आहे पेन्सिल घेऊन
त्याच्या वाक्यांच्या मागोमाग.

पहिली खूण, यूचं झाड. चर्चपेक्षा म्हातारं.
ते आहे.
त्याच्या सावलीत आयव्हरचा दगड,
अजून शेवाळ न धरलेला.
ती खूण पत्रकात नाही.

दुसरी, मठाच्या काळातलं कोठार.
पिकाचा दहावा हिस्सा इथे जमा व्हायचा.
आता सुट्टीला येणाऱ्यांचं घर, दारात गरम पाण्याचा टब,
टबाच्या काठावर वाळत घातलेला लाल पोहण्याचा पोशाख.
टबाबद्दल ती काहीतरी लिहिते
आणि खोडते.

कबुतरखाना. गोल, विटांचा,
आत सहाशे बारा कोनाडे. आयव्हरने दोनदा मोजले होते,
कारण पहिल्यांदा सहाशे नऊ भरले.
कबूतर एकही नाही.
ती मोजत बसली नाही. विश्वास ठेवला,
जसा चाळीस वर्षं ठेवला,
निदान मोजदादीच्या बाबतीत.

मग रान.
हेझलची झाडं बुंध्याशी छाटलेली,
त्यांतून सरळसोट फुटलेल्या काठ्या,
आणि रानलसणाचा असा वास
की कुणीतरी फोडणी टाकून विसरून गेलंय.
निळी फुलं संपली. नुसती पानं लोळताहेत.
कोळसा पाडणाऱ्यांचे सपाट ओटे अजून काळे,
टाचेने उकरलं की बोट माखतं.
इथे पत्रकात म्हटलंय: थांबा, ऐका.
काय ऐका, ते लिहिलेलं नाही.
ती थांबते. वेल्सच्या बाजूला कुठेतरी करवत. एक विमान.
सुतारपक्षी, किंवा कुणीतरी कुंपण ठोकतंय.
वाक्य ती तसंच ठेवते.

विजेने चिरलेल्या ओकपाशी वळा.
ओक फेब्रुवारीतच कोसळला.
आडव्या पडलेल्या ओकपाशी, असं ती करते
आणि वळते.

गिरणी. चाक नाही.
पाणी मात्र कामावर आल्यासारखं
रोज येतं, रोज जातं.

आठवी खूण: कुंपणाची पायरी ओलांडून उजवीकडे.
इथे डावीकडे हवं.
उजवीकडे गेलेला माणूस थेट
ट्रँटरच्या अंगणात उतरतो, बदकांमध्ये.
आयव्हरची ही एक चूक
गाव एकोणीस वर्षं हसत सांगत आलंय.
तिने पेन्सिल टेकवली. ‘डावी’ एवढं लिहिलं.

तेवढ्यात स्वतः ट्रँटर. ब्याऐंशीचा. हातात बादली.
"ते तेवढं बदलू नकोस," म्हणाला.
"रविवारी सहासात जण तरी चुकतात.
मागे एक जोडपं दीड तास बसलं,
त्यांची पोर सगळ्या बदकांची बारशी करून गेली."
मग बादली खाली ठेवून:
"आयव्हर आला होता, छापल्यावर दुसऱ्याच आठवड्यात,
टोपी हातात घेऊन. माफ कर, दुरुस्त करतो, म्हणाला.
हिल्डाला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.
मी म्हटलं, राहू दे.
राहू दिलं त्याने."

मेरिलला हे ठाऊक नव्हतं.
गाव हसलं की तो घरी येऊन
चहात एक चमचा साखर जास्त घालायचा,
बोलायचा काहीच नाही.

पेन्सिलीमागचं रबर कधीच झिजलेलं.
थुंकी लावून तिने बोटानेच घासलं.
कागद थोडा फाटला.
ट्रँटरचा चहा फार कडक होता.
एक बदक तिच्या बुटाची नाडी ओढू लागलं.
"हिचं नाव काय?"
"राजकन्या काहीतरी," तो म्हणाला, "दोन नावं आहेत, मी एकच वापरतो."

यूच्या झाडाशी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं.
पहिल्या पानावर, वेळेपुढे, दोन तास असं छापलंय.
ती तिथे तीन करते.
मग थोडं थांबून, बारीक अक्षरात,
किंवा जास्त.