ओल नाही तोवर

उणे एकतीस. काचेला आतून बर्फाची साय,
आणि हवा इतकी सुकी
की कुणाचं नाव घेतलं तरी ओठ चिरतो.

बावीस वर्षं मी बकरीची लव निवडतेय,
उलानबातरच्या रेल्वेफाटकामागच्या गिरणीत.
राठ केस डावीकडे, लव उजवीकडे,
आणि जी कुठंच जात नाही ती माझ्या अंगावर.
बाहीला, भुवईला, डब्याच्या झाकणाला.
झटकली की हाताला,
त्या हातावरून या हाताला.
मुकादम दर तासाला पाणी फवारतो,
म्हणतो, ही वीज आहे, सेवज्मिद, ओल मिळाली की सोडते.
असेल. मला अजून तिचं बिल आलेलं नाही.

नातवाचं नाव बिलगून.
आमच्याकडं त्याचा अर्थ शहाणा.
त्यानं शाळेतून फुगा आणला, जांभळा,
माझ्या केसांवर घासला (त्याचे नुकतेच कापलेत)
आणि भिंतीला लावला,
बापाच्या टोपीच्या खुंटीशेजारी.
राहिला.
"हा पडायच्या आत बाबा येणार."
ठरवलं कुणाला विचारून?

बाप कोळशाच्या ट्रकवर, गोबीत,
चीनच्या फाटकापाशी.
पुढं चारशे ट्रक.
फोनवर त्याच्यापेक्षा वाराच जास्त बोलतो.

गिरणीत शिकलेलं एवढं एकच शास्त्र मला येतं.
म्हणून सकाळी चहाचं पातेलं चढवलं नाही,
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
दूध, मीठ, पत्ती नुसतीच मांडून ठेवली
आणि थंड पाणी प्याले.
ओले कपडे बाहेर टाकले,
ते फळ्यांसारखे वाजत राहिले.
सुनेला म्हटलं, केस धुवायचे तर शेजारी जा.
तिनं माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं,
आणि टॉवेल घेऊन गेली.

तरी रात्री दोनला तो पडलाच.
फुगा तो, आवाज कसला.
पण मला जाग आली.
जरा सुरकुतला होता, हातात हात घेतल्यासारखं वाटलं.
अंधारात अंबाडा सोडला,
पांढरे, उरलेत तेवढे,
आणि घासला.
चट् चट् निळ्या ठिणग्या,
या वयात!
पुन्हा खुंटीशेजारी. किंचित खाली लागला,
माझा हात तिथवरच पोचतो.

दुसऱ्या रात्री पुन्हा.
तिसऱ्या रात्री दोनदा.

पाचव्या पहाटे दार वाजलं.
कोळसा आणि थंडी, एवढंच आत आलं आधी.
मग हातमोजा काढून त्यानं
झोपलेल्या पोराच्या कानाला बोट लावलं,
तर चट्‌दिशी ठिणगी.
पोरगं कळवळून उठलं, शिवी हासडली,
आणि मग पाहिलं, कुणाला.

मी पातेलं चढवलं.
वाफ भिंतीवर चढली, काचेची साय सुटली.
फुगा केव्हा खाली आला, कुणाचं लक्ष नव्हतं.
दुपारी सुनेच्या बुटात सापडला.

"पडला," बिलगून म्हणाला.
"उतरला," मी म्हटलं,
आणि बाहीवरची लव झटकली.
ती हाताला लागली.