अक्षरामागे दोन रुपये

भरमाणी हुंदरे पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा
लुनाच्या मागे चुन्याचं पोतं होतं
आणि डेअरीत फॅट मोजून मोजून
हातांना दुधाचा आंबूस वास.
वॉर्ड तीन. चिन्ह शिलाई मशीन.
मला मशीन जमेना. लोक म्हणाले, मोनाप्पा,
हा बगळा कुणाचा रे?
तो शिडी धरून खाली उभा होता. म्हणाला,
राहू दे, बगळा लक्षात राहतोय की.
अकरा मतांनी आला.

माझा दर अक्षरामागे दोन रुपये.
काना-मात्रा फुकट, पूर्णविराम फुकट.
नाव सात अक्षरांचं.
ते चौदा रुपये अजून येणं आहेत.

खानापुरात कचेरीसमोर चिंचेखाली बसायचा.
उतारा कन्नडमध्ये येतो.
आपल्या जमिनीवर आपलं नाव आहे का,
हे आपल्याला वाचता येत नाही.
भरमाणी वाचायचा. बसच्या पाट्यांवरून शिकलेला.
मामा, तुमच्या चुलत्याचं नाव अजून वर आहे,
ते वारले कधी?
मामा दिवस आठवायचे, तो अर्ज लिहायचा.
असं मेलेल्यांची नावं कमी करता करता
त्याचं नाव चढत गेलं.
आधी तालुका, मग जिल्हा.

मला दोन्ही लिप्या येतात.
मराठी अक्षरं एका दोरीवर वाळत घातल्यासारखी,
एक सुटलं की सगळी ओळ झुकते.
कन्नडला दोरी नाही,
जो तो आपापला पटका बांधून उभा.
कुठलं वर लिहू? दर वेळी विचारायचो,
दर वेळी हसून सांगायचा.
आमदारकीला हसला नाही.
बोटांनी फळीची उंची मोजली,
म्हणाला, सरकारी नियमानं लिही.

रात्री कुणीतरी डांबर फासलं.
सकाळी मी पुन्हा लिहिलं.
मग दुसऱ्या बाजूच्यांनी फासलं.
पुन्हा लिहिलं.
खोटं का बोलू,
त्या वर्षी माझ्या घराची फरशी डांबरानं झाली.

शपथ कन्नडमध्ये घेतली त्यानं.
डेअरीतल्या टीव्हीचं बटण गुंडू चौगुलेनं उठून बंद केलं.
त्याच्या बायकोनं परत लावलं.
तुझा उतारा वाचला तवा, म्हणाली,
कुठल्या भाषेत वाचलेला?

दिल्लीतून पहिल्यांदा नुसता कान दिसला,
डावा, एका मोठ्या माणसाच्या खांद्यामागे.
पाळीला खाच, शाळेच्या खिळ्याची.
आम्ही लगेच ओळखला.
पुढच्या हिवाळ्यात अर्धा चेहरा.
मग चष्मा. मग माईक.
हिंदी पट्टीवर नाव पळत गेलं: भ्रमणी हुंडरे.
माझा हात ब्रश शोधायला लागला.

मराठी चॅनेलच्या एका पोरीनं सीमाभागाचं विचारलं.
विषय न्यायप्रविष्ट आहे, म्हणाला.
मी अक्षरं मोजली. न्यायप्रविष्ट.
पाच, त्यात तीन जोडाक्षरं.
जोडाक्षराला मी रुपया जास्त लावतो.
महागाचा शब्द.

आता फ्लेक्स येतो बेळगावहून, रातोरात.
मा. ना. श्री. बी. के. हुंदरे.
ठिपकेच ठिपके, ज्यांचे मी कधी पैसे घेतले नाहीत.
भरमाणीचं नुसतं बी उरलंय.

परवा ताफा गेला, सतरा गाड्या.
डेअरीच्या मागच्या भिंतीचा चुना सुटलाय,
खालून बगळा वर आलाय,
निळा, एका पायावर.
काच खाली आली की नाही
यावर गावात दोन मतं आहेत.
गुंडू म्हणतो, आली. चार बोटं आली.
मी गिरणीची पाटी रंगवत होतो.
मला दिसली ती काळी काच,
तिच्यात मी, आणि शिडी.
शिडी कुणी धरलेली नव्हती.