विषय क्रमांक सात

महापौरांनी चष्मा पुसला, म्हणजे बैठक सुरू झाली.
मी तारीख घातली, उपस्थितांची नावं घातली.
गैरहजर: कोणी नाही.
बाहेर पारा उणे नऊवर, आणि तरी कोणी नाही,
एवढ्यावरून कळावं
की आज मेन स्ट्रीटचा विषय आहे.

कोलंबसहून सल्लागार आला होता,
कोवळा पोरगा, बूट अजून ओहायोच्या बर्फाला न सरावलेले.
त्यानं भिंतीवर आमचाच रस्ता दाखवला
आणि आम्हाला तो ओळखू येईना.
विटांचे फुटपाथ, कुंड्या, मेपलची रांग,
आणि चालणारी माणसं, अर्धी पारदर्शक;
त्यांच्या पोटातून मागच्या विटा दिसत होत्या.
"ही फुगेवाली बाई कोण?" ओपल ह्यूझनी विचारलं.
"प्रातिनिधिक," तो म्हणाला.
मी लिहिलं: सादरीकरण झाले.

मग गाड्या.
तिरक्या लावायच्या की फुटपाथला समांतर,
पन्नास मिनिटं.
गॅरिटी म्हणाले, तिरक्या लावल्या तर अकरा जास्त मावतात.
मागून कोणीतरी: अकरा आणायच्या कुठून?
हशा.
हशा मी लिहीत नाही.
एकोणीस वर्षांत मी या गावाचा हशा, उसासा,
दार आपटून गेलेलं माणूस, काहीच लिहिलेलं नाही.
ठराव लिहिले, सूचक लिहिले, अनुमोदक लिहिले.
माझ्या वह्या वाचून उद्या कोणाला वाटेल
टॅनर्स फोर्डमध्ये नुसते हात राहत होते,
वर गेलेले.

नागरिकांना प्रत्येकी तीन मिनिटं.
टिब्ज न्हावी कुंड्यांच्या विरोधात बोलला,
चर्चच्या बाई बाजूनं,
आणि फाउंड्रीतला जुना ओतारी फाउंड्रीबद्दल;
तो दर महिन्याला तेच बोलतो, विषय कोणताही असो.

मग विल्हेल्मिना ड्राबिक उठल्या.
हार्डवेअरचं दुकान बंद करून चौदा वर्षं झाली त्यांना.
पर्समधून विजेचं बिल काढलं,
इस्त्री केल्यासारखं सरळ केलं.
"काचेतला दिवा मी रोज पाचला लावते, अकराला मालवते.
हातोडे पुसते. विकायचे नाहीत, पण पुसते.
आता गुडघा जिना मानत नाही.
तर तुमच्या या बारा लाख डॉलरांत
दिवा लावायला कोणी आहे का,
एवढंच विचारायचं होतं."

घड्याळात दोन मिनिटं शिल्लक होती.
त्या दोन मिनिटांत रेडिएटर तेवढा खोकला.
मग गॅरिटी, हळू आवाजात:
"आम्हाला वाटायचं तो दिवा नगरपालिकेचा आहे."
पोरगा आपल्या चित्रात ते दुकान शोधू लागला.
तिथं एक कॅफे होता,
आणि दारात तीच फुगेवाली.

ह्यूझनी सुचवलं, बिल आपण भरू.
वकील म्हणाले, खाजगी मालमत्ता.
कोणी म्हणालं, उपसमिती.
आधीच भिजत पडलेलं घोंगडं,
त्यावर आणखी एक घागर ओतून
विषय मार्चवर गेला.

मी लिहिलं: श्रीमती ड्राबिक यांनी दिव्याबाबत विचारणा केली.
खोडलं.
लिहिलं: दिवा त्यांचा आहे.
मार्चमध्ये हे वाचून कायम करावं लागेल,
तेव्हा बघू कोण हरकत घेतंय.

घरी जाताना दुकानापाशी थांबले.
गाडी तिरकी लावली, दोन जागा अडवून;
कोणाचीच गैरसोय झाली नाही.
काचेत मी दिसले, अर्धी पारदर्शक,
माझ्या पोटातून हातोडे दिसत होते,
जुन्या किमतीच्या चिठ्ठ्यांसकट.
अकरा वाजत आले होते.
आत, वरच्या अंगाला, एक पायरी वाजली.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरी.