सतरा नंबर

फहाहीलमध्ये रविवार शाळेचाच.
बाहेर धुळीचं वादळ. खिडक्यांच्या फटीत
ओली फडकी कोंबून कुंजुमोन निघून गेला.
आठवी ब. एकतीस संगणक.

माझ्या पडद्यावर त्यांचे एकतीस पडदे,
पोस्टाच्या तिकिटांएवढे.
कोण बेरजेचं सूत्र लिहितंय, कोण चोरून स्कोअर बघतंय,
नवाफ कुठल्याशा गाडीची किंमत.
एक बटण दाबलं की सगळे कीबोर्ड मुके
आणि एकतीस पडद्यांवर मी.
प्रिन्सिपलना याचं फार कौतुक.
मला पूर्वी पाठमोऱ्या मानांवरून कळायचं कोण काय करतंय.

त्या दिवशी पडद्यावर तक्ता लावला,
वहीत उतरवून घ्या म्हटलं,
आणि दुसरी खिडकी उघडून बसले.
प्रिय कुंदा, यंदाही जमत नाहीये.
पुसलं. परत तेच लिहिलं.
तिकीटं फार महाग झालीत, आणि ह्यांच्या कंपनीत

पुढचं सुचेना.

वर्ग गप्प झाला तेव्हाच कळायला हवं होतं,
शेअर चालूच होतं.
एकतीस पडद्यांवर माझं पत्र.
जेरिन, लुबना, छोटा अल्विन यांना
ती नुसती दोरी आणि दोरीवर वाळत घातलेलं काहीतरी.
हिंदीवाल्यांना निम्मंअर्धं लागलं असावं,
त्यांनी वह्यांत डोकी घातली.

मी बटण शोधतेय
तर कर्सर हलला.
माझा हात माउसवर नव्हता.
सतरा नंबर. गुरुवारी फळ्यापाशी बोलवावं तशी
रबाब सरगुरोहला सूट दिली होती,
काढून घ्यायची राहिली.
कर्सर 'तिकीटं'पाशी थांबला.
दुसरी वेलांटी खोडली, पहिली दिली,
आणि कडेला जाऊन उभा राहिला.

"झालं का उतरवून?" मी विचारलं,
उगाचच चढ्या आवाजात.

मधल्या सुट्टीत ती दाराशी घुटमळली.
"सॉरी मिस. चौथीत बाईंनी फार मारलं होतं
त्या वेलांटीवरून. हात आपोआप गेला."
"कुठं गं?"
"खेडला. नदीपलीकडं."
एवढं मराठी त्या इमारतीत
चार वर्षांत माझ्या कानावर आलं नव्हतं.
मी तिला म्हटलं, जा, डबा खा.

घरी येऊन पत्र तसंच पाठवलं,
कंपनीपाशी तुटलेलं.
रात्री कुंदाचं उत्तर:
शुद्धलेखन सुधारलंय तुझं.
भावजींच्या कंपनीत काय?