‘संध्याकाळी’ हा शब्द कुणाचा

सकाळचे साडेनऊ. नुकता कुठे डोळा लागलेला.
होममधून डेलिथचा फोन:
तू लिहिलंयस, मिस्टर बेव्हन जेवले नाहीत संध्याकाळी त्यांची मुलगी आली.
मग बाई, हे ‘संध्याकाळी’ कुणाचं?
न जेवण्याचं, की येण्याचं?
इन्शुलिनची सुई हातात धरून उभी आहे मी इथे.

पांघरुणातूनच म्हटलं, येण्याचं.
जेवले नाहीत ते त्यानंतर, रात्रभर, दूधसुद्धा नाही.
फोन ठेवला. झोप गेली ती गेलीच.

रात्री चौदा नंबरच्या मिसेस प्रिचर्डना
नाव बदलून, टिश्यूच्या रिकाम्या खोक्यावर
ते वाक्य लिहून दाखवलं.
स्वान्सीच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई,
आता चष्मा कुठे ठेवला आठवत नाही,
नवरा गेला हे कधी आठवतं, कधी नाही,
पण खोकं बघताच ताठ बसली. म्हणाली, पेन्सिल आण.

दोन वाक्यं आहेत ही.
दोघांना आपापला कर्ता, आपापलं क्रियापद,
आणि मध्ये तू साधा उंबरासुद्धा ठेवला नाहीस.

मी घाईघाईने स्वल्पविराम दिला.
तिने च्यक् केलं.
एवढासा जीव त्याचा,
दोन भरल्या घागरींची कावड त्याच्या खांद्यावर?
(कावड माझी. ती म्हणाली होती, कोळशाच्या दोन बादल्या.)

पूर्णविराम दे आणि मोकळी हो.
नाहीतर स्वल्पविरामाच्या जोडीला ‘आणि’ दे, दोघं मिळून उचलतील.
अर्धविरामही चालेल, पण शेजार पटणारा असेल तरच.

‘कारण’ घालू का मध्ये?
तिने पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.
तुला माहीत आहे कारण?

नव्हतं माहीत.
मुलगी आली, कोट न काढता पाच मिनिटं बसली,
मोटारीची किल्ली हातात फिरवत राहिली.
मी पाहिलं ते एवढंच.

आमच्यात असं अडत नाही, मी म्हटलं.
उठून, आंघोळ उरकून, डबा भरून, पोराला शेजारी सोडून,
टाउनहिलचा चढ चढून मी इथे येते,
शेवटचं क्रियापद येईपर्यंत कुणी दम टाकत नाही.
मोडीत तर टाकही उचलत नसत फारसा,
ओळ आधी आखायची, मग तिला शब्द टांगत जायचं.

मग वाचणारा श्वास कुठे घेतो? तिने विचारलं.
याचं उत्तर मी अजून शोधते आहे.

हिवाळाभर खोकी भरली.
कर्ते मोजायचे, क्रियापदं मोजायची,
ओठातल्या ओठात वाचायचं, अडखळलं की तिथे बघायचं.
एकदा तिने शेरा दिला: बरं. खाली तारीख घातली, एकोणीसशे एकाहत्तरची.

फेब्रुवारीत एका रात्री ती तीनला दहा कमी असताना उठली
आणि बोलायला लागली
ग्विलिमचे बूट ओले आहेत शेगडीपाशी ठेव तो खाणीवरून आला की चिडेल घंटा झाली वह्या तपासायच्या राहिल्यात समुद्र किती जवळ आलाय दार लाव आई हाक मारतेय ग्विलिमचे बूट

पेन्सिल माझ्या खिशात होती.
कुठे काय तुटतं ते मला दिसत होतं,
बुटांनंतर, चिडेलनंतर, समुद्राच्या दोन्ही बाजूंना.
खाली मंबल्सचा दिवा चारदा लुकलुकायचा, थांबायचा,
पुन्हा चारदा.
मी तिचा हात धरला. टिंब कुठेच ठेवलं नाही.

नोंदीत लिहिलं:
मिसेस प्रिचर्ड दोन पन्नासला जाग्या झाल्या.
त्या चारपर्यंत बोलल्या; मी बसून होते.

सकाळी फोन वाजला नाही, मी दुपारपर्यंत झोपले